हरलेल्या उमेदवारांची मतेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपला अंक दारात पडला की मी चहा बाजूला ठेवून आधी आमच्या प्रभागाचा चौकोन शोधते. त्यात विजयी उमेदवाराचे नाव असते, पक्ष असतो, बहुतेक वेळा मतेही असतात. त्याच्यासमोर कोण कोण उभे होते, कोणाला किती मते पडली, किती जणांनी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबले, हे मात्र कुठे सापडत नाही. फार तर 'अमुक यांनी तमुक यांचा पराभव केला' एवढी एक ओळ. माझी विनंती अशी, की महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचे निकाल देताना प्रत्येक जागेवरच्या प्रत्येक उमेदवाराचे नाव आणि त्याची मते छापावीत. ही विनंती का करते आहे ते जरा सविस्तर लिहायचे आहे. पत्र लांबेल, त्याची आधीच क्षमा मागते.

मी पंचवटीत राहते. एकतीस वर्षे मराठी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून २०१० मध्ये निवृत्त झाले. शिक्षक म्हटले की निवडणुकीची ड्युटी आलीच. मतपेटी पायाशी ठेवून ट्रकमधून खेडोपाडी गेले आहे, रात्री शाळेच्या बाकांवर झोपले आहे, आणि मतमोजणीलाही बसले आहे. नाशिक महापालिका १९८२ साली झाली, पण तिची पहिली निवडणूक व्हायला १९९२ उजाडले. त्या मोजणीला मी होते. तेव्हा मतपत्रिका होत्या. पेटी टेबलावर उपडी करायची, घड्या उलगडायच्या, उमेदवारांच्या खणांत एकेक टाकायची, पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून रबर लावायचे. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला असला की ती मतपत्रिका वेगळी काढायची; मग साहेब येऊन ती उजेडात धरून बघणार. जाळीपलीकडे उमेदवारांचे एजंट टाचा उंचावून उभे असत आणि आमचे बोट कोणत्या खणाकडे जाते ते डोळ्यांत तेल घालून पाहत असत.

दुपारनंतर आमच्या टेबलाचे काम संपले. निकाल पुकारला, जिंकलेल्याचे लोक गुलालाच्या पिशव्या घेऊन बाहेर धावले आणि जाळीशी एकच गृहस्थ उरले. साठीचे असतील. धोतर, पांढरी टोपी, खिशाला पेन्सिल. "बाई, माझी मतं नेमकी किती झाली?" मी कागद बघून सांगितले, दोनशे चौदा. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, तिच्या पाठीवर आकडा लिहिला, परत एकदा विचारले, "दोनशे चौदाच ना?" आणि काडेपेटी जपून आत ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचे नाव नव्हते. दोनशे चौदा माणसे उन्हात रांगेत उभी राहिली आणि त्यांनी या माणसाच्या चिन्हावर शिक्का मारला, याची नोंद माझ्या माहितीप्रमाणे त्या काडेपेटीवरच राहिली.

मला हे लागले याचे कारण घरचे आहे. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, जुन्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले होते. मी चौथीत होते. दादांचे भांडी बाजारात छोटेसे दुकान होते, पक्ष कोणताच नव्हता, चिन्ह मिळाले कंदील. त्यांचे एक हँडबिल आईने ट्रंकेत जपून ठेवले होते, ते आता माझ्याकडे आहे. गुलाबी पातळ कागद, वर कंदिलाचे चित्र, आणि खाली 'गल्लीतल्या नळाला दोन वेळ पाणी' हे एकच आश्वासन. मोजणीच्या रात्री दादा उशिरा आले. पाय धुतले, पाटावर बसले, आणि आईने विचारायच्या आत म्हणाले, "गेलं." किती मतांनी गेले, ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. आई म्हणायची अकरा. काका म्हणायचे सतरा. आत्याचे म्हणणे असे, की बाद झालेल्या मतपत्रिका धरल्या असत्या तर दादाच आले असते. तिघेही आता नाहीत. मी निवृत्तीनंतर एका कार्यालयात जाऊन विचारले. तिथला मुलगा भला होता, त्याने दोन कपाटे उघडून दाखवली, पण एवढे जुने दप्तर शिल्लक नव्हते. मग त्या काळच्या एका वृत्तपत्राच्या फायली मिळवून चाळल्या. त्यात विजयी सदस्यांची नावे ओळीने दिली होती. दादांचे नाव नाही, मते नाहीत. कागदोपत्री पाहिले तर दादा निवडणुकीला उभेच राहिले नव्हते असे वाटावे.

आता परदेशातली गोष्ट सांगते, कारण हे पत्र लिहायला मी तिच्यामुळेच बसले.

माझी धाकटी लेक मिशिगनमध्ये लान्सिंगला असते. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे होते. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात दिवसभर एकटी. मग लेक कामावर जाताना मला ग्रंथालयात सोडायची. तिथे राज्याच्या जुन्या माहिती-पुस्तकांचे जाडजूड खंड होते, कापडी बांधणीचे, कडा पिवळ्या पडलेले. इतिहासाच्या बाईला आणखी काय हवे? त्यात मिशिगनच्या ८३ काउंट्यांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यांच्या मधल्या भागांची, एकाखाली एक नावे होती आणि प्रत्येक नावापुढे प्रत्येक उमेदवाराची मते. रिपब्लिकन, डेमोक्रॅट, सोशालिस्ट, दारूबंदीवाले, सगळे. शेवटी 'स्कॅटरिंग' नावाचा एक रकाना. म्हणजे छापील यादीत नसलेले नाव कोणी हाताने लिहून मत दिले असेल, तर असली फुटकळ मतेही मोजून लिहिलेली. कुठे तीन, कुठे एक. जंगलातल्या एखाद्या काउंटीत शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने वेगळेच नाव लिहिले, आणि तो आकडा मी पंचवटीची बाई चष्मा पुसून वाचत होते.

त्या खंडांत १९१८ च्या सिनेट निवडणुकीचे (सिनेट म्हणजे अमेरिकी काँग्रेसचे वरचे सभागृह) पान मी सर्वांत जास्त वेळ बघितले. एका बाजूला मोटारी बनवणारे हेन्री फोर्ड, दुसऱ्या बाजूला ट्रूमन न्यूबेरी. फोर्ड यांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या आग्रहावरून दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, नाव दिले होते. रिपब्लिकनांकडे न्यूबेरी जिंकले, डेमोक्रॅटांकडे फोर्ड. मतदान झाले ५ नोव्हेंबर १९१८ ला, पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या सहा दिवस आधी, इन्फ्लुएंझाच्या ऐन साथीत. माझी आजी ज्या साथीला 'मानमोडी' म्हणायची आणि जिच्यात तिची दोन भावंडे गेली, तीच ही साथ. तिकडे अनेक शहरांत जाहीर सभांना बंदी होती. लाखांवर मते पडली आणि फोर्ड काही हजारांनी हरले. त्या निवडणुकीनंतर सिनेटमध्ये रिपब्लिकन ४९ आणि डेमोक्रॅट ४७ असे बळ झाले. मिशिगनची ही एक जागा इकडची तिकडे झाली असती तर ४८-४८ आणि बरोबरी फोडायला उपाध्यक्षाचे मत, जो विल्सन यांच्याच पक्षाचा होता. तसे झाले नाही. परराष्ट्र समितीचे अध्यक्षपद विल्सन यांचे विरोधक हेन्री कॅबट लॉज यांच्याकडे गेले आणि महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह सिनेटने आधी नोव्हेंबर १९१९ मध्ये, मग १९ मार्च १९२० ला नाकारला. दुसऱ्या वेळी बाजूने ४९ आणि विरुद्ध ३५. दोनतृतीयांशाला सात मते कमी पडली. त्यामुळे त्या तहाने स्थापन केलेल्या राष्ट्रसंघात अमेरिका कधीच गेली नाही.

नुसते 'न्यूबेरी विजयी' एवढेच त्या पुस्तकात छापले असते, तर यातले काय कळले असते? पराभव किती मतांचा, कोणत्या काउंटीत फोर्ड पुढे, कोणत्या काउंटीत मागे, हे समोर होते म्हणूनच फोर्ड यांना फेरमोजणी मागता आली. ती झाली, न्यूबेरींची आघाडी घटली, तरी निकाल तोच राहिला. कायद्याने सिनेटच्या उमेदवाराला दहा हजार डॉलरची खर्चमर्यादा होती आणि न्यूबेरी यांच्यासाठी प्राथमिक निवडणुकीत तिच्या कितीतरी पट पैसा ओतला गेला होता. खटला झाला, शिक्षा झाली, १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि तरीही लोकांची कुजबुज थांबेना तेव्हा नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यूबेरी यांनी स्वतःच राजीनामा दिला. चार वर्षे लोक या निकालावर बोलत राहिले, कारण दोन्ही बाजूंचे आकडे सर्वांसमोर होते.

लेकीने माझा नाद बघून मला घरी इतर राज्यांचे तक्ते काढून दिले. त्यातले मोंटाना मला फार जवळचे वाटले. १९१६ मध्ये तिथून जनेट रँकिन निवडून आल्या, अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या महिला. आपल्याकडे हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते, मीही ते वर्गात पाठ करून घेतले आहे. तक्ता पाहिल्यावर कळले की त्या पहिल्या आल्याच नव्हत्या, दुसऱ्या आल्या होत्या. तेव्हा काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, मोंटानाला दोन जागा होत्या आणि दोन्हींसाठी अख्खे राज्य मिळून एकच मतदारसंघ. सर्वाधिक मते मिळालेले दोघे निवडून येणार. पहिले आले डेमोक्रॅट जॉन इव्हान्स, दुसऱ्या रिपब्लिकन रँकिन. मोंटानातल्या बायकांना मताचा अधिकार मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ६ एप्रिल १९१७ ला युद्धाच्या ठरावावर मतदान झाले, ३७३ विरुद्ध ५०, आणि त्या पन्नासांत या बाई होत्या. पुढे त्या गांधीजींच्या विचाराने भारल्या आणि भारतातही येऊन गेल्या.

मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १९१८ पर्यंत मोंटानाचे दोन वेगळे मतदारसंघ पाडले गेले आणि रँकिन यांचे घर ज्या मतदारसंघात आले तिथे डेमोक्रॅटांचा जोर होता. अख्ख्या राज्यातून मते गोळा करू शकणाऱ्या बाईला अर्ध्या राज्यात कोंडले. त्यांनी मग सिनेटसाठी प्रयत्न केला, पक्षाची उमेदवारी मिळाली नाही, एका लहान पक्षाकडून उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या आल्या. आपण नाशिककर प्रभागरचनेचा वाद दर निवडणुकीला ऐकतो. कोणती गल्ली कोणत्या प्रभागात गेली, नदीच्या अलीकडची वस्ती पलीकडे का जोडली, यावर हरकती घेतल्या जातात. २०१७ मध्ये आपल्याकडे ३१ प्रभाग आणि १२२ जागा होत्या. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार-चार. त्याआधीच्या निवडणुकांत रचना वेगळी होती. रेषा बदलल्याने कोणाचे साधले आणि कोणाचे बुडाले हे म्हणायचे असेल तर आधीच्या आणि नंतरच्या निवडणुकीतली सगळ्यांची मते शेजारी शेजारी मांडावी लागतात. ती नसतील तर हरकत घेणारा आणि हरकत फेटाळणारा दोघेही अंदाजानेच बोलणार. मोंटानाबद्दल मी आज ठामपणे लिहू शकते, आणि माझ्या राहत्या प्रभागाबद्दल मला तसे लिहिता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराची हकीकत वर्गात सांगायला मिळाली असती तर पोरांनी कान टवकारून ऐकली असती. व्हिक्टर बर्जर हे १९१० मध्ये तिथून निवडून आलेले काँग्रेसमधले पहिले सोशालिस्ट. पुढे हरले. १९१८ मध्ये युद्धाला विरोध केल्याबद्दल त्यांच्यावर खटला चालू असतानाच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. प्रतिनिधीगृहाने १० नोव्हेंबर १९१९ ला त्यांना सभागृहात बसू देण्यास नकार दिला. त्याच जागेसाठी १९ डिसेंबरला पोटनिवडणूक लागली. या वेळी दोन्ही मोठे पक्ष एका उमेदवारामागे उभे राहिले, आणि बर्जर आधीपेक्षा जास्त मते घेऊन आले! १० जानेवारी १९२० ला सभागृहाने पुन्हा नकार दिला आणि ती जागा त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत रिकामी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्यावर १९२२ मध्ये मतदारांनी त्यांना परत पाठवले तेव्हा कुठे ते बसले.

त्याच जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेतही असेच घडले. १५० जणांची ही विधानसभा तेव्हा दर वर्षी निवडली जात असे. नोव्हेंबर १९१९ मध्ये पाच सोशालिस्ट आले. ७ जानेवारी १९२० ला, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, अध्यक्षांनी पाचही जणांना समोर बोलावून निलंबित केले. १ एप्रिलला सभागृहाने त्यांना काढून टाकले. १६ सप्टेंबरला पोटनिवडणूक झाली आणि पाचच्या पाच परत आले. सभागृहाने तिघांना पुन्हा काढले, तेव्हा उरलेल्या दोघांनी निषेध म्हणून आपणहून राजीनामे दिले. सभागृहात कोणाला बसू दिले आणि कोणाला नाही, हे कामकाजाच्या इतिवृत्तात असतेच. पण मतदारांचे म्हणणे काय होते, ते कळायला आपल्याकडे मतांचे तक्ते सोडून दुसरे काही नाही. दोन पोटनिवडणुका, मिलवॉकीची आणि न्यूयॉर्कची, आणि दोन्हींत मतदारांनी तेच उत्तर दिले. मला हे आकडे वाचताना त्या अनोळखी मतदारांविषयी फार आदर वाटला.

डेलावेअर नावाच्या चिमुकल्या राज्याचे दोन ओळींत सांगते. १९१३ मध्ये घटनादुरुस्ती होईपर्यंत तिकडे सिनेटर थेट लोकांतून नव्हे, राज्यांच्या विधिमंडळांतून निवडले जात. डेलावेअरच्या विधिमंडळात गटबाजीमुळे कोणाचेच बहुमत होईना आणि १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याला वॉशिंग्टनमध्ये एकही सिनेटर नव्हता. आपल्याकडे विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी निवडायच्या असतात. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार बघत होते. राज्यात इतरत्रही तेच. मतदारच नाहीत, मग त्यांच्या जागा भरणार कोण? म्हणून परिषदेच्या अशा अनेक जागा रिकाम्या राहिल्या. नगरसेवकाची निवडणूक ही गल्लीबोळातली बाब आहे असे समजून जे तिचे निकाल चार ओळींत उरकतात, त्यांनी ही साखळी एकदा बघावी.

लोकसभा आणि विधानसभेबद्दल माझी तक्रार नाही. १९५१-५२ पासून प्रत्येक मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराची मते निवडणूक आयोगाच्या अहवालांत आहेत. आता तर फॉर्म २० मध्ये केंद्रावारी आकडेही मिळतात. अमेरिकेतही प्रतिनिधीगृहाचे क्लार्क १९२० पासून दर निवडणुकीचे आकडे छापत आले आहेत. त्याच नोव्हेंबर १९२० मध्ये आपल्या मुंबई इलाख्यातही नव्या कायद्याखाली कौन्सिलच्या निवडणुका झाल्या होत्या. काँग्रेसचा बहिष्कार होता, मत मुख्यतः मिळकत असलेल्यांना होते, बायकांना तर नव्हतेच. माझा प्रश्न आहे तो घराजवळच्या निवडणुकांचा. माझ्या नळाला पाणी येते की नाही, घंटागाडी फिरते की नाही, हे ज्या निवडणुकीवर ठरते तिचीच नोंद सर्वांत तोकडी का असावी?

आपल्या कार्यालयातून एकदा मला फोनवर सौजन्याने उत्तर मिळाले होते, की जागा नसते. जागेची अडचण मला समजते. शंभरावर जागा, प्रत्येकी पाच-सात उमेदवार, म्हणजे सहाशे-सातशे नावे आणि तेवढेच आकडे. बारीक टाइपात, आठ रकान्यांत, ते एका पानात बसेल; मी फुटपट्टी घेऊन दहावीच्या गुणवत्ता यादीच्या जुन्या पानांवरून मोजले आहे. पूर्वी आपण परीक्षांचे आसनक्रमांक पानेच्या पाने छापत होतात आणि लोक ती पाने घडी करून ठेवत असत. निकालाच्याच दिवशी नको, आठ दिवसांनी रविवारी छापा. एकूण मतदार किती, मतदान किती, कोणीही नको म्हणणारे किती, हे तीन आकडे प्रत्येक जागेखाली द्या. संकेतस्थळावर सगळे असते असे कोणी म्हणेल. असेलही. पण दादांच्या वेळचे दप्तर जसे राहिले नाही तसे आजचे पानही उद्या उघडेलच याची खात्री मला नाही, आणि वाचनालयात बांधून ठेवलेला आपला अंक शंभर वर्षांनीही कोणी तरी उघडू शकेल याची आहे.

एक माणूस मला सारखा आठवतो, म्हणून त्याचे नाव लिहिते. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य सिनेटसाठी हडसन नदीकाठच्या तीन काउंट्यांच्या मतदारसंघातून एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण उभा होता. तिथे वर्षानुवर्षे रिपब्लिकनच येत. हा डेमोक्रॅट. लाल रंगाची मॅक्सवेल मोटार भाड्याने घेऊन कच्च्या रस्त्यांनी गावोगाव फिरला आणि १,१४० मतांनी आला. ते फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यांनी ज्यांना हरवले त्यांचे नाव जॉन श्लोसर, आणि त्यांना साडेचौदा हजारांवर मते पडली होती. रूझवेल्ट पुढे चार वेळा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांची चरित्रे कपाटभर आहेत. श्लोसर मला भेटले ते तक्त्याच्या त्या एका ओळीत, आणि तिथे त्यांची मते शेवटच्या आकड्यापर्यंत नीट लिहिलेली आहेत.

माझ्याकडून होईल तेवढे मी सुरू केले आहे. माझे जुने विद्यार्थी आता कोणी वकील आहेत, कोणी रिक्षा चालवतात, दोघे-तिघे पूर्वी मोजणीच्या वेळी एजंट होते. त्यांच्या वह्या, डायऱ्या, चिठ्ठ्या गोळा करून १९९२ च्या पंचवटीतल्या काही वॉर्डांचा तक्ता मी तयार केला आहे. त्याची प्रत सोबत जोडते. अजून पुष्कळ रकाने मोकळे आहेत. ज्यांच्या घरी तेव्हाचे कागद असतील त्यांनी आपल्या पत्त्यावर पाठवावेत, अशी दोन ओळींची सूचना छापलीत तर फार उपकार होतील.

तक्त्यात एका ठिकाणी मी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. जाळीशी उभ्या राहिलेल्या त्या गृहस्थांची मते मला २१४ आठवतात. एका विद्यार्थ्याने आणलेल्या यादीत २४१ आहेत. मी दोन्ही लिहिले आहेत. त्यांच्या घरच्यांपैकी कोणी आपला अंक वाचत असेल आणि ती काडेपेटी अजून घरात असेल, तर कृपया बघून बरोबर आकडा कळवावा.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे.)